अडले आहेत ते शब्द

ताई, सप्रेम नमस्कार.

चार महिन्यांपूर्वी यजमानांना पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि बोलणे दोन-चार शब्दांवर आले. पाणी हवे असताना ते ‘चहा’ म्हणतात, संध्याकाळी मात्र तुमच्याबरोबर रामरक्षा जवळजवळ पूर्ण म्हणतात, म्हणून ‘हे मुद्दाम चालले आहे’ असे मुलाला वाटते आणि दीर तर त्यांच्यादेखत ‘ह्याला आता काय कळतंय’ म्हणतात आणि जमिनीच्या कागदांची बोलणी त्यांना वगळून करू पाहतात, असे आपण कळवले आहे.

हे मुद्दाम मुळीच नाही. या विकाराला वाचाघात म्हणतात. बहुतेक माणसांची भाषेची केंद्रे मेंदूच्या डाव्या भागात असतात आणि तिथला रक्तपुरवठा तुटला की मनातला शब्द ओठांवर येत नाही, किंवा भलताच येतो. लहानपणापासून तोंडात बसलेली स्तोत्रे, पाढे, वारांची नावे पुष्कळदा शाबूत राहतात, कारण ती म्हणताना प्रत्येक शब्द नव्याने शोधावा लागत नाही. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ साली नोंदवलेला रुग्ण ‘टॅन’ एवढेच उच्चारू शके, तरी इतरांचे बोलणे त्याला बरेचसे समजत असे. वाचाघाताच्या काही प्रकारांत समजही उणावते, हे खरे. परंतु विजेच्या बिलाचा विषय निघताच ज्यांनी डाव्या हाताने नेमका खण दाखवला, त्यांना काही कळत नाही असे मी तरी म्हणणार नाही.

वाचा-उपचारतज्ज्ञांकडे या आठवड्यातच जा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त वेगाने होते, पण पुढेही ती होत राहते, त्यामुळे उशीर झाला असे समजू नका. घरी बोलताना टीव्ही बंद ठेवा, वाक्ये लहान ठेवा, विचारल्यावर थांबा आणि त्यांचा शब्द घाईने पुरा करू नका. तांब्या आणि कप दोन्ही पुढे ठेवलेत, तर ते बोट दाखवतील. रामरक्षा चालू ठेवाच. तिने रोजचे बोलणे आपोआप परतणार नाही, पण त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येतो, आणि मला ते फार मोलाचे वाटते.

दिरांना मात्र स्पष्ट सांगा की जमिनीच्या कागदांची बोलणी यजमानांना वगळून होणार नाहीत. एकेक मुद्दा सावकाश वाचून दाखवा आणि तोच प्रश्न उलट करूनही विचारा, कारण वाचाघातात ‘हो’च्या जागी ‘नाही’ निघून जाते. दोन्ही उत्तरे जुळेपर्यंत कोणत्याही कागदावर त्यांचा अंगठा घेऊ देऊ नका.