आईला आरए (रुमेटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांचा आजार) आहे, इम्युनिटी वाढवायला गुळवेलीचा काढा देऊ का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टर म्हणाले आईच्या इम्युनिटीचा घोळ आहे, म्हणून काढा सुरू करायचाय. डॉक्टरांना न विचारता तर अजिबात नको. मी ऐरोलीची, सात वर्षं झाली मला आरए होऊन, आणि घोळ म्हणजे इम्युनिटी कमी असंच मलाही वाटलेलं, सोसायटीतल्या काकूंनी तर अख्खी वेल आणून दिली होती.

कमी नाहीये हो, ती घरच्यांनाच मारत सुटलीये. आपल्या प्रोटीनमधल्या आर्जिनिन नावाच्या घटकाचं काही एन्झाइम सिट्रुलिन हा दुसरा घटक करून टाकतात, सिगरेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसात किंवा हिरड्या खराब असतील तर तिथे हे जास्त होतं, मग ज्यांचे जीन्स तसे असतात त्यांच्या शरीराला ते प्रोटीन परकं वाटतं आणि त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी बनतात. अँटी-सीसीपी टेस्टमध्ये ह्याच बघतात. आणि ह्या सांधे दुखायच्या कित्येक वर्षं आधीपासून रक्तात असू शकतात, म्हणजे आईंनी काल काय खाल्लं ते शोधत बसू नका.

सांध्याच्या आत जेमतेम 1-2 पेशींच्या थराचं अस्तर असतं. टी सेल, बी सेल, मॅक्रोफेज ह्या इम्युनिटीच्या पेशी तिथे जमल्या की टीएनएफ, आयएल-6 असली केमिकल सुटतात, अस्तर फुगून जाड होतं, कूर्चा कुरतडतं आणि हाड पोखरणाऱ्या पेशींनाही कामाला लावतं. आयएल-6 लिव्हरला सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारं प्रोटीन, बनवायला लावतं, रिपोर्टमध्ये सीआरपी वाढलेला दिसतो तो त्यामुळे. पहाटे आयएल-6 वाढतं आणि सकाळी बोटं आखडतात, मला तर ठाण्याच्या लोकलमध्ये चढताना दांडा धरता यायचा नाही.

टीएनएफ मुळात वाईट नाही बरं का, टीबीचे जंतू कोंडून ठेवायला तेच लागतं, म्हणून ते अडवणारं इंजेक्शन द्यायच्या आधी टीबीची टेस्ट करतात.

आता काढा. मेथोट्रेक्सेट (आरएचं नेहमीचं औषध) चालू असेल तर लिव्हरवर आधीच लक्ष ठेवावं लागतं, दर थोड्या दिवसांनी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, असतेच. त्यात 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या 6 पेशंटच्या लिव्हरला इजा झाल्याचं छापलं होतं. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही, पण मी काकूंची वेल कुंडीतच ठेवली, वाढलीये छान.

आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. डबीवर वार लिहून चिकटवा. माझा रविवार, रात्री जेवण झाल्यावर.