मिक्श्चर 'लीन' करायचं म्हणजे मराठीत नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई नाशिकच्या, भाचा धुळ्याला विमान चालवायला शिकतोय, त्याच्या नोट्स त्या मराठीत करून देतायत. त्यात मिक्श्चरबद्दल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवा-पेट्रोलच्या मिश्रणाबद्दल, 'लीन द मिक्श्चर', 'रिच ऑफ पीक', 'लीन ऑफ पीक' हे पानोपानी येतं आणि त्यांनी त्याचं 'मिश्रण पातळ करणे', 'शिखराचे समृद्ध', 'शिखराचे कृश' असं केलंय. चालेल का?

ताई, 'शिखराचे कृश' वाचून भाचा विमान सोडून डॉक्टरकडे जाईल. ते आधी खोडा, बाकीचं एकेक बघू.

'पातळ' का नको, तर मराठीत पातळ करणं म्हणजे काहीतरी घालणं. वरण पातळ कर म्हटलं की हात पाण्याच्या तांब्याकडे जातो. इथे काही घालायचं नाहीये, हवा येतेय तेवढीच येतेय, कॉकपिटमधला मिक्श्चरचा लाल नॉब बाहेर ओढून पेट्रोल तेवढं कमी करायचंय. शिवाय 'पातळ पेट्रोल' म्हटलं तर पंपावरची भेसळ डोळ्यासमोर येते ते वेगळंच.

मग 'विरळ' सुचतो, आणि तो दिसायला चांगला आहे, पण नेमका इथेच घोटाळा करतो. कारण लीन करायची गरज पडते कशामुळे, तर वर गेलं की हवा विरळ होते. ५,००० फुटांवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या साधारण ८६ टक्के राहते, १०,००० फुटांवर ७४ टक्क्यांच्या आसपास. साधं कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) मात्र त्या मानाने पेट्रोल कमी करत नाही, म्हणजे हवा कमी नि पेट्रोल जास्त, म्हणजे मिक्श्चर आपोआप रिच. आता वाक्य लिहून बघा: 'हवा विरळ झाल्याने मिश्रण समृद्ध होते म्हणून ते विरळ करावे.' व्याकरणाला काही झालेलं नाही पण वाचणारा दोनदा मागे जाणार. त्यामुळे 'विरळ' हवेसाठीच राखून ठेवा.

'पेट्रोल कमी करा' एवढंच लिहिलं तरी भागत नाही, शिकाऊ माणूस थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेईल. माझं मत असं की पहिल्यांदा येईल तिथे 'हवेच्या मानाने पेट्रोल कमी करणे, म्हणजे मिक्श्चर लीन करणे' असं पूर्ण लिहा आणि पुढे सरळ लीन आणि रिच. देवनागरीत 'लीन' लिहिलं की निवृत्तीनाथांच्या समाधीपुढे लीन झालेला वारकरी आठवतो हे खरंय, पण संदर्भाने कळतं. गॅरेजमध्येही हेच शब्द चालतात. नाशकात सातपूर-अंबडकडे जुन्या कार्ब्युरेटरवाल्या बाइकचा प्लग काढून दाखवतात बघा, काजळी धरून काळा पडलेला असला तर 'रिच चाललीय', टोक पांढरटलेलं असलं तर 'लीन झालीय, हेड तापेल', आणि विटकरीसर तपकिरी असला की काही न बोलता प्लग परत बसवतात. त्या माणसाला 'समृद्ध मिश्रण' म्हणून बघा एकदा.

आता पीक, म्हणजे तापमानाचं टोक. हा खरा अवघड भाग आहे आणि इथे मराठी उलट इंग्रजीपेक्षा सोपी पडते असं मला वाटतं.

कॉकपिटमध्ये दोन तापमानं दिसतात. एक ईजीटी, म्हणजे सिलेंडरमधून बाहेर पडणाऱ्या जळलेल्या वायूचं, आणि दुसरं सीएचटी, म्हणजे सिलेंडर हेडचं. 'हेडचं तापमान' म्हणा, सगळ्यांना कळतं. पहिल्यासाठी 'धुराचं तापमान' नको, धूर दिसायला लागला तर गोष्टच वेगळी, 'एक्झॉस्टचं तापमान' ठीक आहे. तर फुल रिचपासून सुरू करून नॉब हळूहळू ओढत गेलं की एक्झॉस्टचा पारा चढत जातो (पारा कसला, आत थर्मोकपल असतं, पण आपल्याकडे पाराच चढतो), मग एका ठिकाणी टोक गाठतो, वजनाने साधारण १५ भाग हवेला १ भाग पेट्रोल असं प्रमाण असतं तिथे, आणि त्यापुढे अजून लीन केलं की परत उतरायला लागतो. म्हणजे टोकापेक्षा ५० अंश कमी तापमान दोन ठिकाणी सापडतं, टोकाला पोचायच्या आधी आणि टोक ओलांडल्यावर, आणि 'टोकापेक्षा ५० अंश कमी' असं लिहिलंत तर कुठलं ते कळणारच नाही. त्यासाठी आपल्याकडे आयते शब्द आहेत: अलीकडे आणि पलीकडे. रिच ऑफ पीक म्हणजे टोकाच्या अलीकडे, लीन ऑफ पीक म्हणजे टोकाच्या पलीकडे. '१०० अंश रिच ऑफ पीक' म्हणजे 'टोकाच्या १०० अंश अलीकडे'. अंश फॅरनहाइटचे आहेत हे एकदा लिहून टाका, नाहीतर भाचा सेल्सियस धरेल.

हा फरक शब्दांपुरता नाहीये. हेड सगळ्यात जास्त तापतं ते टोकावर नव्हे, टोकाच्या साधारण ५० अंश अलीकडे. जास्तीत जास्त ताकद मिळते अजून अलीकडे, १०० ते १५० अंशांच्या पट्ट्यात. म्हणजे 'टोकापासून थोडंसंच रिच ठेवतो, सेफ असतं' म्हणणारा नेमका सगळ्यात तापट जागी बसलेला असतो. आणि पलीकडे गेलं की हेड थंड होत जातं, ताकद थोडी कमी होते, पेट्रोल वाचतं. इंजिन जोरात चालू असताना मात्र हे खेळ करायचे नाहीत, डेटोनेशनचा, म्हणजे मिश्रण नीट जळण्याऐवजी एकदम स्फोटासारखं पेटण्याचा, धोका असतो, म्हणून लायकमिंगसारखे इंजिनवाले ७५ टक्के पॉवर किंवा त्याखालीच लीन करायला सांगतात.

लीन केलं की इंजिन जळतं ही धास्ती जुनी आहे. १९४४ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, प्रसिद्ध अमेरिकन वैमानिक चार्ल्स लिंडबर्गने पॅसिफिकमध्ये पी-३८ या लढाऊ विमानाच्या पायलटांना आरपीएम १६०० पर्यंत उतरवून, मिक्श्चर ऑटो-लीनवर ठेवून, मॅनिफोल्ड प्रेशर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब) वाढवून उडायला शिकवलं तेव्हा त्यांनाही हीच भीती होती. विमानांचा पल्ला मात्र शेकडो मैलांनी वाढला.

नवीन इंजिन मॉनिटरवर प्रत्येक सिलेंडरच्या तापमानाचा वेगळा बार असतो आणि सगळे एकदम टोकाला पोचत नाहीत. तिथे 'फर्स्ट टू पीक' ला 'आधी टोक गाठणारा' म्हणा, आणि त्यानंतर तापमान पडतं त्याला 'घसरतं' नको, बिघाड झाल्यासारखं वाटतं, 'माघारी फिरतं' म्हणा. अलीकडे राहायचं असेल तर आधी माघारी फिरणाऱ्यावर नजर, पलीकडे जायचं असेल तर शेवटच्यावर, कारण तो मागे राहिला तर तोच तापतो.

आपल्याकडे विमान म्हटलं की ओझरचा कारखाना, मिग नि सुखोई, तर त्यांच्या जेट इंजिनांना हा नॉबच नसतो, हे सगळं छोट्या पिस्टन विमानांचं. नाशिकपुरती एक गोष्ट मात्र नोट्समध्ये घाला. आपण साधारण २,००० फुटांवर, आणि मे महिन्यात ४० अंश सेल्सियस झालं की इंजिनाला हवा मिळते पाच-साडेपाच हजार फुटांवर असल्यासारखी. तेव्हा 'टेकऑफला नेहमी फुल रिच' हे वाक्य तसंच्या तसं उतरवू नका, पुढे 'त्या विमानाच्या मॅन्युअलप्रमाणे' हे जोडा.

शेवटचं म्हणजे 'पुल' या शब्दाचं 'ओढा' करताना जपून. ही इंजिनं बंदच मिक्श्चर पूर्ण ओढून करतात, त्या जागेला आयडल कट-ऑफ म्हणतात. त्यामुळे लीन करताना 'थोडं थोडं बाहेर घ्या' किंवा नॉब फिरवायचा असेल तर 'हळूहळू फिरवा', आणि नुसतं 'ओढा' फक्त इंजिन बंद करायच्या चेकलिस्टमध्ये.