फ्रँकफर्टला उतरून पुढं स्टुटगार्टला जाणार असशील तर

तू कणकवलीचा म्हणून जरा सविस्तरच लिहिते. मी मालवणची, बरीच वर्षं जर्मनीत मानहाइमला आहे, सध्या सुट्टीवर घरी आल्येय आणि बाहेर पाऊस असा धरलाय की सकाळपासून लाईट तीनदा गेली, तेव्हा फोनची बॅटरी टिकेल तेवढं लिहून घेते. तू विचारलंस की सप्टेंबरच्या शेवटी मास्टर्सला जायचंय, मुंबई ते फ्रँकफर्ट विमान, पुढं स्टुटगार्टपर्यंत ट्रेन, विमानात बसायची पहिलीच वेळ, तर उतरल्यापासून रूमवर पोचेपर्यंत काय काय करायचं आणि आई जे बांधून देत्येय त्यातलं काय चालेल.

तर त्या एका दिवशी पैसे वाचवायला जाऊ नको. मी गेले आणि दुप्पट घालवले. निघायच्या महिनाभर आधीच ट्रेनचं स्वस्तातलं तिकीट काढून ठेवलं होतं, तिकडे त्याला श्पारप्राइस म्हणतात, ते फक्त त्याच गाडीला चालतं, आधीच्या नाय नि नंतरच्या नाय. विमान उतरल्यावर दोन तासांनी गाडी, म्हटलं दोन तास म्हणजे भरपूर. विमानच सव्वा तास उशिरा, मग पासपोर्टची रांग, मग बॅग आली ती अगदी शेवटून तिसरी, फलाटावर पोचले तेव्हा गाडी जाऊन वीस मिनिटं झालेली. तिकीट गेलं पाण्यात, जाग्यावर पुऱ्या भावाचं काढावं लागलं. नियम असा आहे की रेल्वेच्याच उशिरामुळे तुझी पुढची गाडी चुकत असेल तर त्या तिकिटाचं बंधन सुटतं, दुसऱ्या गाडीत बसता येतं, पण विमानाला उशीर झाला तर ते तुझं नशीब, रेल्वेचा काय संबंध नाय. म्हणून एकतर फ्लेक्सप्राइस घे, ते महाग पण त्या दिवशी कुठल्याही गाडीला चालतं, नाहीतर बॅग हातात आल्यावर मगच जर्मन रेल्वेच्या डीबी नॅव्हिगेटर ॲपवर तिकीट काढ. लुफ्तान्साचं विमान असेल तर विमानाच्या तिकिटातच स्टुटगार्टपर्यंतचा ट्रेनचा तुकडा जोडून घेता येतो का बघ, तो मिळाला तर सगळ्यात बरं, कारण मग उशीर झाला तरी पुढच्या गाडीत तेच बसवून देतात.

हाच हिशोब इकडच्या बाजूला पण लाव. कणकवलीहून रात्रीची गाडी पकडून सकाळी ठाण्याला उतरून त्याच दिवशीचं विमान, असलं धाडस पावसाळ्यात करू नको. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्या मुद्दाम हळू चालवतात, आणि दरड आली की वेळापत्रकाला कोण विचारतो. वर गणपती सप्टेंबरात असले की चाकरमानी परतायची तीच वेळ, आणि आमच्याकडे एकवीस दिवसांचे गणपती असलेली घरं पण आहेत, त्यामुळे गर्दी संपता संपत नाय. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, आधी १२० होतं, घरचे जुन्या हिशोबाने सांगतील तर ऐकू नको. हायवेचं तर तुला काय सांगायचं. एक दिवस आधी मुंबईत जा, मामा-आत्या कोणीतरी असेलच डोंबिवलीला नाहीतर भांडुपला. आणि विमान सहारच्या टर्मिनल २ वरून आहे की कुठून ते तिकिटावर नीट वाच, आता नवी मुंबईचा विमानतळ पण सुरू झालाय.

आता सामान. आवशीक सांग, तूप देव नको. दूध-तूप-खवा-पेढे आणि मटण-चिकनचं काहीही युरोपात बाहेरून न्यायला बंदी आहे, खव्याचे मोदक पण त्यातच आले. गंमत म्हणजे मासे चालतात, माणशी २० किलोपर्यंत, त्यामुळे सुका जवळा, सुके बांगडे, बोंबील नेलेस तर कायद्याने कोणी अडवत नाय, फक्त दोन-दोन पिशव्यांत बांध नाहीतर तुझे सगळे शर्ट वर्षभर बोंबलाचे. मला एकदा कस्टमवाल्याने बॅग उघडायला लावली, पिशवीला नाक लावलं आणि चेहरा असा केला की मलाच त्याची दया आली, पण सोडलं. आंबा मात्र नाय. फळांना तिकडे रोपांच्या रोगाबद्दलचा सरकारी दाखला लागतो आणि त्यातून सुटका फक्त पाच फळांना आहे, केळं, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन. हे मला माहीत नव्हतं आणि एका मे महिन्यात दोन डझन देवगड हापूस घेऊन गेले, माझ्या डोळ्यांदेखत टोपलीत टाकले. चूक माझीच, पण अजून आठवलं की पोटात कालवतं. कढीपत्ता पण नको, तो पण त्याच नियमात अडकतो. आंबापोळी, फणसपोळी, खाजा, काजू, कोकमं, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ, हे सगळं खुशाल ने. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबईलाच काढायला लावतात, तेल असतं त्यात, पेट घ्यायची भीती. ओला नारळ स्टुटगार्टला आशियाई दुकानात मिळतो, उगाच त्याचं वजन वाहू नको. पॉवर बँक केबिनच्या बॅगेत, चेक-इनला टाकलीस तर तुला नाव पुकारून बोलावतील.

कागद सगळे पाठीवरच्या सॅकमध्ये, आणि छापलेले. मोबाईलमध्ये आहेत म्हणू नको, नेमकी तेव्हाच बॅटरी जाते. ॲडमिशनचं पत्र, ब्लॉक्ड अकाउंटचा (म्हणजे व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवलेत त्या खात्याचा) कागद, इन्शुरन्स, राहायचा पत्ता. फ्रँकफर्टच्या पासपोर्ट काउंटरवर कुठे चाललास, काय शिकणार, राहणार कुठे एवढंच विचारतात, इंग्रजीत चालतं. तुझा व्हिसा लांब मुदतीचा, डी टाईपचा, त्यामुळे ते ऑक्टोबर २०२५ पासून बोटांचे ठसे नि फोटो घ्यायचं जे नवीन सुरू झालंय ते टुरिस्ट लोकांना आहे, तुला नाय, मशीनच्या रांगेत चुकून उभा राहू नको. आणि समज थेट विमान न घेता ॲमस्टरडॅम नाहीतर हेलसिंकीवरून गेलास तर हा पासपोर्टचा सोपस्कार तिथेच होतो, फ्रँकफर्टला परत कोणी विचारत नाय, म्हणून मधल्या थांब्याला निदान दोन-अडीच तास असू देत.

बॅग घेतलीस, कस्टमच्या हिरव्या रस्त्याने बाहेर आलास, की इथे लोकं चुकतात. विमानतळाला दोन स्टेशनं आहेत. एक टर्मिनल १ च्या खालीच, रेगिओनालबानहोफ, फलाट १ ते ३, तिथून लोकल सुटतात, एस८ आणि एस९. दुसरं फेर्नबानहोफ, फलाट ४ ते ७, तिथे आयसीई, म्हणजे लांबच्या वेगवान गाड्या, थांबतात, तुला हे पायजे. टर्मिनल १ मधून पुलावरून चालत जायचं, ट्रॉली जाते, पाट्यांवर ट्रेनचं चित्र असतं. दुसऱ्या टर्मिनलला उतरलास तर आधी फुकटच्या स्कायलाइन गाडीने टर्मिनल १ ला ये. मुद्दाम फ्रँकफर्ट शहरातल्या मोठ्या स्टेशनात जायची काही गरज नाय, स्टुटगार्टची आयसीई विमानतळावरूनच मिळते, सव्वा तासाच्या आसपास लागतो, थेट नसली तर मानहाइमला बदलायची, आणि तिथे तुला काय अडलं तर आमच्या गावातच आहेस म्हण. शहरात जायचंच असेल तर लोकलच्या डब्यावर हानाउ नाहीतर ऑफेनबाख लिहिलंय का बघ, वीसबाडेन असेल तर उलट्या दिशेला चाललास.

फलाटावर गेट वगैरे नसतं, तिकीट आत येऊन बघतात, विनातिकीट सापडलास तर निदान ६० युरो दंड, आणि मला माहीत नव्हतं हे उत्तर त्यांनी रोज ऐकलेलं असतं. तिकिटात सीट धरलेली नसते, ती वेगळी, पाच-साडेपाच युरो, दोन मोठ्या बॅगा असल्या तर घे. फलाटावर ए, बी, सी अशी अक्षरं टांगलेली असतात आणि बोर्डावर तुझा डबा कुठल्या अक्षरासमोर येणार ते दाखवतात, म्हणजे आपल्याकडच्या कोच पोझिशनसारखंच, फक्त ऐनवेळी उलटी गाडी आली की तिकडे पण सगळी जनता सामान घेऊन पळते. काही आयसीई मध्येच दोन तुकड्यांत सुटतात आणि अर्धी गाडी भलतीकडे जाते, म्हणून डब्यावरचं नाव वाचल्याशिवाय चढू नको. फलाट बदलणं रोजचंच, ॲपवर डोळा ठेव. जर्मन गाड्या घड्याळावर चालतात असं इकडे अजून लोकं सांगतात, त्यांना सांगू दे. तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के परत मिळतात, दोन तासांवर गेला तर ५०, तेवढे मागून घे.

कोणीतरी तुला सांगेल की डॉइचलँडटिकेट घे, जानेवारी २०२६ पासून महिना ६३ युरो, देशभर फिर. खरं आहे, पण ते लोकल आणि रेगिओनाल गाड्यांनाच, आयसीईत चालत नाय, आणि दर महिन्याचं वर्गणीसारखं असतं, तेव्हा पहिल्या दिवशी ते डोक्यात घेऊ नको, नंतर कॉलेजचं काय आहे ते विचारून बघ.

स्टुटगार्टचं मोठं स्टेशन २०१० पासून खोदून ठेवलंय, जमिनीखाली नेतायत, आपला मुंबई-गोवा हायवे २०११ पासून चाललाय म्हणजे हायवे त्याचा धाकटा भाऊ झाला. फलाटावरून बाहेर यायला बरंच चालावं लागतं, चाकं मजबूत असलेली बॅग घे, एवढं एक ऐक. स्टेशनातल्या संडासला एक युरो लागतो, सुट्टं नाणं ठेव, नाहीतर विमानतळावरच उरकून घे, तिथे फुकट. नळाचं पाणी प्यायचं, बाटली विकत घेतलीस तर फेकू नको, त्यावर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये घातली की परत मिळतात.

पैशाचं म्हणशील तर ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे उतरल्या उतरल्या हातात येत नायत. आधी तिकडचं खातं उघडायचं, त्यासाठी बहुतेक ठिकाणी पत्त्याची नोंदणी लागते, ती आनमेल्डुंग रूमवर गेल्यापासून १४ दिवसांत करायची असते आणि घरमालकाने सही केलेला कागद लागतो, हे त्याला आताच ईमेल करून विचार. तोपर्यंत फॉरेक्स कार्ड आणि रोख ३००-४०० युरो जवळ ठेव, छोटी दुकानं अजून रोखच मागतात. इकडचं सिम बंद करू नको, रोमिंग चालू करून ठेव, बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. तिकडचं सिम विमानतळावर महाग पडतं, पासपोर्ट दाखवायची भानगड पण असते, इथूनच आठवड्याचं ई-सिम घेऊन जा, विमानतळावर फुकट वायफाय आहे पण ट्रेनमधल्या वायफायच्या भरवशावर राहू नको.

पोचलास की घरी फोन कर, ते जागेच असतील, उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे केली की साडेचार.

आणि रविवारी उतरू नको. रविवारी तिकडे सगळी दुकानं बंद असतात, सगळी म्हणजे सगळी, फक्त मोठ्या स्टेशनांतली आणि विमानतळावरची उघडी. शनिवारी रात्री उशिरा रूमवर पोचलास तरी तेच, रविवारभर खाजा आणि काजू खाऊन बसायचं. मी पहिला रविवार आंबापोळीवर काढलाय. जायचंच असेल रविवारी तर फ्रँकफर्टच्या विमानतळावरूनच दूध, ब्रेड, अंडी घे आणि मग गाडीत बस. तिकीट काढायच्या आधी तारीख कळव, वार बघून सांगते, मी १५ ऑगस्टपर्यंत इथेच आहे, मधेच लाईट गेली तर उत्तराला उशीर होईल.