सिनेमा बघताना दर चाळीस सेकंदांनी हिसका बसतोय? मदरबोर्ड सर्व्हिसला टाकायच्या आधी वाचा

तुमची पोस्ट वाचली आणि थेट २०११-१२ चे दिवस आठवले. तुम्ही लिहिलंय की रिफर्बिश्ड सेकंड जनरेशन इंटेल आय-फाइव्ह कॉम्प्युटर घेतलाय, एचडीएमआयने टीव्हीला जोडलाय, १०८०पी सिनेमे चालतात पण मधूनच बारीक हिसका बसतो, सीपीयूवर लोड काहीच नाही, आणि दुकानदार म्हणतोय बोर्ड गेलाय, सर्व्हिसला टाका. बोर्ड गेलेला नाही. प्लीज सर्व्हिसला टाकू नका.

आधी एक करा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावून दोन हिसक्यांमधलं अंतर मोजा. मग सिनेमा थोडा मागे नेऊन तोच सीन परत बघा. हिसका त्याच सीनला बसला तर फाइल खराब आहे. कधी दहा सेकंदांनी, कधी दोन मिनिटांनी बसला तर हार्ड डिस्क नाहीतर वायफाय बघा. पण सीन कुठलाही असो, दर चाळीस-बेचाळीस सेकंदांनी बसत असेल तर तो सेकंड जनरेशनच्या इंटेल ग्राफिक्सचा जुना, माहितीतला दोष आहे.

ब्लूरेवरचा सिनेमा सहसा सेकंदाला २३.९७६ फ्रेमचा असतो. या ग्राफिक्सला सेटिंगमध्ये २३ हर्ट्झ (म्हणजे टीव्हीने सेकंदाला २३.९७६ वेळा चित्र दाखवायचं) सांगितलं तरी ते बाहेर २४.००० च्या आसपास पाठवतं. म्हणजे टीव्ही सेकंदाला २४ फ्रेम मागतोय आणि सिनेमाकडे तेवढ्या नाहीत, फरक ०.०२४ चा, १ भागिले ०.०२४ केलं की येतात ४१.७ सेकंद. तेवढ्या वेळाने एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते, तोच तुमचा हिसका. (विंडोज ६० हर्ट्झवरच ठेवलं असेल तर प्रकार वेगळा, तेव्हा एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दिसते आणि कॅमेरा आडवा फिरला की सगळं चित्र थरथरतं. ते आधी बघून घ्या.)

आता सर्व्हिस सेंटरबद्दल, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथे झालं. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझा एच६१ बोर्ड नवा होता, वॉरंटीत होता. मी वरचं सगळं गणित कागदावर लिहून दिलं, काउंटरवरच्या माणसाने ते वाचलंसुद्धा नाही, जॉबशीटवर 'डिस्प्ले प्रॉब्लेम' एवढंच लिहिलं. आत नेऊन विंडोज चालू केलं, डेस्कटॉप दिसला, झालं, 'नो फॉल्ट फाउंड'. परत गेलो तर म्हणे रॅम बदला, मग म्हणे एसएमपीएस (पॉवर सप्लाय) बदला. अहो, रॅम खराब असेल तर घड्याळ लावल्यासारखा हिसका बसेल का? सिनेमा लावून दोन मिनिटं बघा एवढंच मी मागत होतो, ते शेवटपर्यंत कोणी केलं नाही. शेवटी बोर्ड ठेवून घेतला, अख्खा पावसाळा गेला, आणि निरोप आला की प्रोसेसर बसतो त्या सॉकेटच्या पिना वाकल्यात, फिजिकल डॅमेज, वॉरंटी रद्द. देताना पिना सरळ होत्या, त्यांच्याच माणसाने टॉर्च मारून बघितल्या होत्या, पण जॉबशीटवर त्याबद्दल एक शब्द नाही म्हटल्यावर वाद घालणार कशाच्या जोरावर? आणि बोर्ड बदलून दिला असता तरी उपयोग नव्हता, दोष त्या पिढीच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्समध्येच, तसाच दुसरा आणला तरी तेच. पाच मिनिटं ऐकून घेतलं असतं तर हे तिथल्या तिथे कळलं असतं, याची चीड मला अजून येते.

म्हणून कुठलाही बोर्ड कधीही देताना सॉकेटचा जवळून फोटो काउंटरवरच काढा, काळी प्लास्टिकची टोपी बसवा आणि जॉबशीटवर 'पिना ठीक' असं लिहून सही घ्या. लिहीत नसतील तर बोर्ड घरी आणा.

आता उपाय. मी हार्डवेअरवाला नाही, घरच्या वापरातून शिकलोय, तेव्हा स्वतः खात्री करून घ्या. फुकटातला उपाय कोडी या सिनेमा प्लेअर सॉफ्टवेअरमध्ये आहे. प्लेअर सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट अॅडजस्ट करायचा ऑप्शन 'स्टार्ट / स्टॉप'वर ठेवा आणि 'सिंक प्लेबॅक टू डिस्प्ले' चालू करा. सिनेमा ०.१ टक्का जलद चालतो, कानाला अजिबात कळत नाही. पण मग साउंडचं पासथ्रू (आवाज न बदलता पुढे पाठवणं) बंद ठेवावं लागतं, म्हणजे एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) असेल आणि ट्रूएचडी किंवा डीटीएस-एचडी हे ब्लूरेचे आवाज जसेच्या तसे पाठवायचे असतील तर हा उपाय बाद. टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकत असाल तर खुशाल करा.

रिसीव्हर असेल तर जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड टाका, जीडीडीआर५ मेमरीवालं. वेगळी पॉवर केबल लागत नाही, एचडीएमआय २.० मिळतं आणि १० बिट एचईव्हीसी (फोरके सिनेमांचा व्हिडिओ फॉरमॅट) पण चालतं. तुमची कॅबिनेट स्लिम असेल तर लो प्रोफाइल (आखूड) पट्टी सोबत आहे ना हे बघूनच घ्या. स्वस्त म्हणून जीटी ७१० गळ्यात मारतील, घेऊ नका, त्यात एचईव्हीसी डीकोडिंग नाही. कार्ड टाकल्यावर विंडोजमध्ये २३ हर्ट्झ निवडा, २४ नाही. हे दोन वेगळे आहेत आणि सगळी गडबड त्याच फरकाची आहे.

पुढेमागे फोरके बघायचं असेल तर माझ्या मते या मशीनवर पैसे घालूच नका, इंटेलच्या एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी घ्या, एचईव्हीसी आणि एव्ही१ हे दोन्ही व्हिडिओ फॉरमॅट त्यात हार्डवेअरवर चालतात, वीजही नगण्य लागते. फक्त फोरके ब्लूरे डिस्क अधिकृत प्लेअर सॉफ्टवेअरने बघायची असेल तर त्यावर जमणार नाही, त्यासाठी इंटेलची एसजीएक्स सोय लागते आणि नव्या प्रोसेसरमधून ती काढून टाकली आहे. त्यांनी सरळ डिस्क प्लेअर घ्यावा.

आणखी एक, आपल्याकडच्या टीव्ही मालिका सहसा २५ फ्रेमच्या असतात, त्यांना ५० हर्ट्झ लागतं. कोडी ते आपोआप बदलतो, एमपीसी-एचसी या दुसऱ्या फुकट प्लेअरमध्ये फुलस्क्रीनच्या सेटिंगमध्ये एकदा भरून ठेवावं लागतं. तिथेच कंट्रोल आणि जे दाबलं की टीव्ही खरोखर किती हर्ट्झवर चाललाय ते दिसतं. कार्ड विकत घ्यायच्या आधी तो आकडा आणि स्टॉपवॉचचं अंतर दोन्ही इथे टाका, मी बघून सांगतो.