अनुग्रह ‘घेतात’ की ‘होतो’? आणि ‘दीक्षा’ ऐकून आजी का रडल्या?

साताऱ्याच्या एका ताईंनी विचारले आहे. त्यांच्या चुलतभावाला दोन वर्षांपासून मंत्रसाधनेची ओढ लागली आहे आणि तो देवी-उपासनेच्या तांत्रिक परंपरेतला गुरू शोधतो आहे. परवा जेवताना तो म्हणाला, “मला दीक्षा घ्यायची आहे.” त्यावर आजींनी डोळ्याला पदर लावला. आजींचे माहेर सांगलीकडचे. “दीक्षा नको रे बाबा, घ्यायचाच तर अनुग्रह घे,” म्हणाल्या. भावाचे म्हणणे, दोन्ही एकच. शेजारी राहणारे निवृत्त गुरुजी म्हणतात, “‘अनुग्रह घेणे’ हे मराठीच चुकीचे. अनुग्रह होतो, तो घेत नसतात.” तर बरोबर कोण? आणि शब्द ‘गुरु’ लिहायचा की ‘गुरू’?

ताई, माझे मत आजींच्या बाजूने आहे. कारण सांगतो.

मी सांगलीतच वाढलो. इथे ‘अमक्याने दीक्षा घेतली’ एवढेच वाक्य कानावर आले तर पहिला प्रश्न येतो, अमका कुणाचा? सांगली-मिरज आणि कृष्णा-वारणेच्या काठच्या गावांत जैन वस्ती मोठी आहे. त्या घरांत दीक्षा म्हणजे मुनी होणे. हाताने केस उपटायचे, अंगावरची वस्त्रे उतरवायची, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू घ्यायचा आणि घर कायमचे सोडायचे. आईवडील निरोप देतात ते पुन्हा ‘मुलगा’ म्हणून हाक मारायची नाही हे ठरवूनच. लिंगायत घरात दीक्षा म्हणजे गळ्यात इष्टलिंग येणे, आणि तिथे घर सुटण्याचा संबंधच नाही, उलट लहान मूल रीतसर घरात येते. बौद्ध वस्तीत दीक्षा म्हटले की १४ ऑक्टोबर १९५६ची नागपूरची धम्मदीक्षा आठवते. त्या शब्दामागे एका माणसाची साधना नाही, एका समाजाने जुने ओझे फेकून देणे आहे. एक शब्द, आणि तीन गल्ल्यांत तीन अर्थ. आजींनी बालपणी शेजारच्या घरातली मिरवणूक पाहिली असणार. नातू दीक्षा घेतो म्हणाला तेव्हा त्यांना तो दारातून निघून जाताना दिसला. त्या शब्दाला घाबरल्या यात त्यांचे भाषाज्ञान कच्चे नाही, पक्के आहे.

शब्दाच्या मुळाशी गेले तरी हा पसारा दिसतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘दीक्ष्’ धातूचे अर्थ दिले आहेत ते असे: मौण्ड्य, इज्या, उपनयन, नियम आणि व्रतादेश. म्हणजे मुंडन, यज्ञ, मुंज, नियम, आणि व्रत सांगणे. वैदिक काळात सोमयागाआधी यजमानाला जी तयारी करावी लागे ती दीक्षा. तंत्रवाल्यांनी मात्र या शब्दाची आपली वेगळी फोड केली: ‘दीयते ज्ञानसद्भावः, क्षीयते पशुवासना’. देणे आणि झिजणे, दा आणि क्षि, मिळून दीक्षा. व्याकरणाच्या दृष्टीने ही व्युत्पत्ती नव्हे, ही निरुक्ती. ‘मननात् त्रायते’ म्हणून मंत्र, हीही तशीच निरुक्ती; व्याकरण म्हणेल की मन् धातूला ‘त्र’ लागला, जसा शास्त्राला, शस्त्राला, पात्राला लागतो, म्हणजे मनन करायचे साधन. पण निरुक्तीला खोटे म्हणू नये. व्युत्पत्ती शब्द कुठून आला ते सांगते, आणि तो शब्द रोज जपणारी माणसे त्यात काय ऐकतात ते निरुक्ती सांगते.

आता अनुग्रह. गुरुजींचा आक्षेप असा की अनुग्रह म्हणजे कृपा, आणि कृपा काय दुकानातून घ्यायची वस्तू आहे? आक्षेपामागची भावना चांगली आहे, पण मराठीतले ‘घेणे’ इतके गरीब नाही. आपण दर्शन घेतो. आशीर्वाद घेतो. प्रसाद घेतो. निरोप घेतो. यातले एकही घेणे ओरबाडून घेणे नाही, की विकत घेणे नाही. देणारा थोर आहे हे मान्य करून ओंजळ पुढे करणे, हाही ‘घेणे’चाच अर्थ आहे. हिंदीत दर्शन ‘करतात’, मराठीत ‘घेतात’. मला आपले क्रियापद जास्त आवडते.

आणखी एक गंमत पाहा. अनुग्रह, आग्रह, संग्रह, निग्रह, सगळे ‘ग्रह्’ धातूचे. ग्रह् म्हणजे धरणे, घेणे. प्राकृत व्याकरणात या ग्रह्च्या जागी ‘घेप्प’ असे रूप सांगितले आहे आणि आपले ‘घेणे’ त्याच घराण्यातले. तेव्हा ‘अनुग्रह घेणे’ यात एकच धातू दोन वेषांत शेजारी उभा आहे. गुरूने धरायचे आणि आपण घ्यायचे. ‘अनुग्रह झाला’, ‘अनुग्रह मिळाला’, ‘अनुग्रह दिला’ हेही बरोबरच. बोलणारा कुठे उभा आहे एवढाच फरक.

पण ‘कृपा’ असा अर्थ असलेला शब्द ‘मंत्र मिळणे’ या अर्थाने मराठीत रुळला कसा? इथे मला तंत्रपरंपरेचा हात दिसतो. शैव आगमांत शिवाची पाच कृत्ये सांगितली आहेत: सृष्टी, स्थिती, संहार, तिरोभाव आणि अनुग्रह. चौथ्यात तो स्वतःला झाकतो, पाचव्यात झाकण काढतो. आणि ते निघते कधी, तर दीक्षेच्या वेळी, आचार्याच्या हातून. म्हणजे दीक्षा हा विधी आणि अनुग्रह हे त्या विधीत घडणारे काम. आपल्याकडे विधी मागे पडला, कामाचे नाव मात्र उरले. गोंदवल्याला जाणारी माणसे दीक्षा हा शब्द क्वचितच उच्चारतात. ‘महाराजांचा अनुग्रह’ म्हणतात, आणि मिळालेला मंत्र असतो तेरा अक्षरी रामनामाचा, ज्यात ह्रीं-क्लींसारख्या बीजाक्षरांचा किचकटपणा नाही. शब्द तंत्राच्या घरातला, नांदतो भक्तीच्या घरात.

या कामाला आपल्या दोन जिल्ह्यांत आणखी किती शब्द आहेत! जत तालुक्यातल्या उमदीच्या भाऊसाहेब महाराजांच्या परंपरेत ‘नाम घेतले’ म्हणतात. वारकऱ्यांत ‘माळ घातली’. खेड्यात सरळ ‘गुरू केला’ असे विचारतात, “गुरू केलाय न्हवं?” हे ‘करणे’ म्हणजे वकील करणे, सोयरीक करणे यातले. पारखण्याची जबाबदारी करणाऱ्यावर. तुकोबांच्या स्वप्नातल्या उपदेशाच्या अभंगात तर एकाच प्रसंगाला चार क्रियापदे येतात. गुरुरायांनी कृपा ‘केली’, मस्तकी कर ‘ठेविला’, मंत्र ‘दिला’, आणि शेवटी माघ शुद्ध दशमी गुरुवार पाहून ‘केला अंगीकार’. हा अंगीकार कुणी कुणाचा केला ते वाक्यात मोकळेच आहे. मला ते मोकळेपण फार मोलाचे वाटते.

तुमच्या भावासाठी एक भेद मात्र महत्त्वाचा. तंत्रग्रंथ उपदेश आणि दीक्षा यांत फरक करतात. ग्रहणकाळी, तीर्थात किंवा देवळात नुसता मंत्र सांगणे तो उपदेश. दीक्षेला त्याहून पुष्कळ लागते. शारदातिलकात क्रियावती, वर्णमयी, कलावती आणि वेधमयी असे तिचे चार प्रकार येतात. कुलार्णवात पक्षी, मासोळी आणि कासवी यांची उपमा आहे. पक्षीण पंखांच्या स्पर्शाने पिले वाढवते, मासोळी नुसत्या नजरेने, कासवी नुसत्या आठवणीने. तशी दीक्षाही स्पर्शाची, दृष्टीची आणि मनाची. (आपल्या संतवाङ्मयात कासवी नजरेने पिलांना पोसते. वाटेत मासोळीचे काम तिच्याकडे आले.) शाक्त, म्हणजे देवीच्या, उपासनेत पुढे पूर्णाभिषेक हा दीक्षेचा वरचा टप्पा असतो, साधकाला ‘आनंदनाथ’ शेवटी असलेले दीक्षानाम मिळते, ललितासहस्रनामावर भाष्य लिहिणाऱ्या भास्कररायांचे असे नाव भासुरानंदनाथ. नंतर पुरश्चरण, म्हणजे ठरावीक संख्येचा जप, त्याच्या दशांश होम, होमाच्या दशांश तर्पण, अशी उतरती भाजणी. देवीचा नवार्ण मंत्र म्हणतात त्यातले ‘अर्ण’ म्हणजे अक्षर. नऊ अक्षरे, आणि अक्षराला लाख या हिशेबाने जप नऊ लाख. तेव्हा भाऊ ‘दीक्षा घ्यायची’ म्हणतो तेव्हा त्याच्या परंपरेत तोच शब्द नेमका आहे. ‘दोन्ही एकच’ हे त्याचे वाक्य मात्र त्याच्याच शास्त्राला धरून नाही.

आणि गुरू शोधण्याबद्दल भाषेनेच काही खुणा करून ठेवल्या आहेत. ‘कान फुंकणे’ म्हणजे मुळात कानात मंत्र सांगणे. आज त्याचा अर्थ एकाला दुसऱ्याविरुद्ध भडकवणे. ‘चेले मुंडणे’ हे दीक्षेचे जुने काम, आज तुच्छतेने बोलतात. चांगले शब्द असे आपोआप नासत नाहीत. ज्यांच्या तोंडी ते होते त्या माणसांनी नासवले. दासबोधाच्या पाचव्या दशकात समर्थांनी तर भावच सांगून टाकला आहे: जे शिष्याला साधन लावत नाहीत, इंद्रियदमन करवत नाहीत, ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन मिळाले तरी त्यजावे’. अडका म्हणजे अगदी हलके नाणे. ‘पैसाअडका’ या जोडशब्दात ते आपण अजून रोज वापरतो. कुलार्णवही तेच म्हणते: शिष्याचे वित्त हरण करणारे गुरू पुष्कळ, शिष्याचा ताप हरण करणारा दुर्मीळ. वर्षभर एकमेकांना पारखा, मग पुढचे, ही तंत्राचीच रीत आहे. पैसे भरले की त्याच दिवशी मंत्र हातात, ही कुठल्याच परंपरेची रीत नाही.

‘मग पुस्तकात छापलेला मंत्र का चालत नाही?’ असे भाऊ कधीतरी विचारेल. याचे एक उत्तर मला छापखान्यात मिळाले.

खिळ्यांच्या छपाईचे दिवस. गावभागातल्या एका लहान छापखान्यात मी मुद्रिते तपासायचो. एका वृद्ध गृहस्थांनी आपल्या गुरुबंधूंपुरती एक पूजापद्धती छापायला दिली होती. तीत मायाबीज होते, ह्रीं. ‘ह्र’ या जोडाक्षराचा खिळा झिजलेला, म्हणून जुळाऱ्याने ‘ह’वर रफार देऊन ‘र्हीं’ जुळवले. आणि मी ते तसेच सोडले. डोळ्याला खटकलेच नाही, कारण माझ्या जिभेवरही तेच होते. गृहस्थ प्रूफ पाहायला आले, त्या ओळीवर बोट ठेवून थांबले. मंत्र त्यांनी उच्चारला नाही. खिशातून पेन्सिल काढली आणि गॅलीच्या मागे एकाखाली एक लिहिले: ह. र. ई. आणि वर बिंदू. मग शांतपणे म्हणाले, “कागदावरचं तुम्ही दुरुस्त कराल हो. जिभेवरचं कोण करणार? म्हणून तो तोंडातून घ्यायचा असतो.”

त्या दिवसापासून माझे लक्ष मराठी माणसाच्या ‘ह’कडे गेले. जोडाक्षरात पहिला आलेला ह आपल्या तोंडात टिकत नाही, तो मागे सरकतो. ब्रह्म आपण ब्रम्ह म्हणतो, जिह्वाची जिव्हा केली, चिह्नाचे चिन्ह केले, आह्वानाचे आव्हान केले, आणि ह्रासाचा ऱ्हास. यातले बरेच आता प्रमाण मराठी आहेत आणि मला त्यांची लाज वाटत नाही. भाषा अशीच घडते. पण मंत्राला ही मुभा नाही. पुस्तकातून ह्रीं वाचणारा मराठी माणूस पहिल्याच दिवशी ऱ्हीं म्हणेल, लाखभर वेळा म्हणेल, आणि त्याला कळणारही नाही. समोर बसलेल्या माणसाला मात्र पहिल्या उच्चारालाच कळेल. गुरुमुखातून मंत्र घेण्यात याहून खोल अर्थ आहेतच, ते त्या वाटेवरची माणसे सांगतील. मी भाषेपुरते सांगितले.

तेव्हा ताई, भावाला सांगा, आजींजवळ बसून म्हण, ‘आजी, घर सोडत नाहीये, देवीचा मंत्र घ्यायला गुरू शोधतोय. सापडले की आधी तुला भेटवतो.’ आजी हे लगेच समजतील. गुरुजींना माझा नमस्कार सांगा, आणि ते रोज आशीर्वाद ‘घेतात’ की नाही तेही विचारा.

राहिला शेवटचा प्रश्न. सुटा शब्द ‘गुरू’, दीर्घ. समासात मूळचा उकार परत येतो: गुरुमंत्र, गुरुमुख, गुरुबंधू, गुरुवार, सगळे ऱ्हस्व. आणि हा ‘ऱ्हस्व’देखील मूळचा ‘ह्रस्व’.