लुइझियानात गर्भपाताच्या गोळ्या कुलपात गेल्या, त्याने बाळंतिणीला काय फरक पडतो?

तुम्ही लिहिलंय की बहीण न्यू ऑर्लिन्सला असते, सातवा महिना आहे, मूल हवंच आहे. मग गर्भपाताच्या गोळ्यांवरच्या कायद्याशी तिचा काय संबंध? मी तालुक्याच्या गावी बाळंतपणं करते. संबंध आहे.

लुइझियानात गर्भपातावर २०२२ पासूनच जवळपास पूर्ण बंदी आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मिफेप्रिस्टोन आणि मिसोप्रोस्टॉल या गर्भपाताच्या गोळ्याही तिथे 'नियंत्रित' औषधांत, म्हणजे ठेवण्या-देण्यावर कडक बंधनं असलेल्या औषधांत गेल्या. असं करणारं ते अमेरिकेतलं पहिलंच राज्य. चिठ्ठीशिवाय जवळ सापडल्या तर ५ वर्षांपर्यंत कैद. गरोदर बाईने स्वतःसाठी ठेवल्या तर तिला मात्र शिक्षा नाही.

यातली मिसोप्रोस्टॉल, आमच्या भाषेत मिसो, मुळात अल्सरची गोळी. आम्हाला ती लागते वार पडल्यावर. बाळ रडलेलं असतं, बाहेर पेढ्यांची गडबड, आणि आत गर्भपिशवी आकसत नाही. चादर भिजत जाते, नाडी पळू लागते. पिशवी आकसवणाऱ्या ऑक्सिटोसिनने भागलं नाही की सिस्टर बाळंतिणीच्या जिभेखाली मिसोच्या चार गोळ्या ठेवते. लुइझियानात अनेक रुग्णालयांनी हीच गोळी रक्तस्रावाच्या ट्रॉलीवरून उचलून कुलपाच्या कपाटात ठेवली. तिथल्या दोनशेहून जास्त डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, हे करू नका. कुणी ऐकलं नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

आपल्याकडे कायदा गर्भपाताला परवानगी देतो, पण २०१२ नंतर स्त्रीभ्रूणहत्येविरुद्धच्या मोहिमेत या गोळ्यांवर अशी करडी नजर पडली की महाराष्ट्रातल्या कितीतरी केमिस्टांनी या गोळ्यांचं किट ठेवणंच सोडलं. गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंतच द्यायच्या, आणि तोवर सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे दिसतच नाही! तरी चिठ्ठी घेऊन गेलेली बाई 'आम्ही ठेवत नाही' ऐकून परत येते.

बहिणीला घाबरवू नका. रक्तस्राव थांबवणारी मेथर्जिन, कार्बोप्रोस्ट ही इंजेक्शनं लुइझियानाच्या त्या कायद्यात नाहीत. पण बीपी वाढलेलं असेल तर मेथर्जिन टाळतात आणि दमा असेल तर कार्बोप्रोस्ट देत नाहीत; दोन्ही असेल तिच्यासाठी मिसोचं महत्त्व फार वाढतं. पुढच्या तपासणीला तिने डॉक्टरांना सरळ विचारावं, की लेबर रूममध्ये मिसो कुठे असते, कुलूप कोण उघडतं, हातात यायला किती वेळ लागतो. बीपी किंवा दमा असेल, जुळं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर तपासणीची वाट न बघता फोन करून विचारावं.