आरोग्य प्रश्नोत्तरे : मेलाटोनिनची गोळी आणि प्रतिकारशक्ती

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत कामाला आहे. दर आठवड्याला पाळी बदलते आणि रातपाळीच्या आठवड्यात झोप धड होत नाही. सर्दी-खोकलाही हटकून होतो. सोबतचे काही जण मेलाटोनिनच्या गोळ्या घेतात. तिने झोप लागतेच, शिवाय प्रतिकारशक्तीही वाढते, असे ते सांगतात. माझ्या आईला रुमॅटॉइड संधिवात असून त्यासाठी तिची मेथोट्रेक्सेटची औषधे चालू आहेत; तिलाही रात्री झोप नसते. आम्ही दोघांनी ही गोळी सुरू करावी का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमचे उत्तर वेगळे आणि आईंचे वेगळे आहे. आईंचे आधी सांगतो, कारण तिथे घाई केल्यास नुकसान होऊ शकते : त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी त्यांना देऊ नका.

मेलाटोनिन हे संप्रेरक मेंदूतील पिनिअल ग्रंथीत तयार होते. १९५८ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ आरन लर्नर यांनी ते गाईबैलांच्या पिनिअल ग्रंथींमधून वेगळे काढले. त्यांना शोध होता तो त्वचेच्या रंगावर परिणाम करणाऱ्या द्रव्याचा, झोपेचा त्यात संबंधही नव्हता. अंधार पडला की ते रक्तात वाढू लागते, मध्यरात्रीनंतर शिखर गाठते आणि पहाटे उतरते. डोळ्यांवर प्रकाश, विशेषतः निळसर पांढरा प्रकाश, पडला की त्याची निर्मिती थांबते. शरीराला रात्र झाल्याची वर्दी देणे हे त्याचे मुख्य काम.

ही वर्दी प्रतिकारसंस्थेपर्यंतही पोहोचते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर मेलाटोनिनचे रिसेप्टर (त्याचा संदेश टिपणाऱ्या जागा) असतात, आणि या पेशी स्वतःही थोडे मेलाटोनिन तयार करतात. १९८६ मध्ये मेस्त्रोनी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांमधील मेलाटोनिनची निर्मिती रोखली, तेव्हा उंदरांचा प्रतिपिंडे (रोगजंतूंशी लढणारी प्रथिने) तयार करण्याचा प्रतिसाद मंदावला, आणि संध्याकाळी मेलाटोनिन दिल्यावर तो सुधारला. ‘प्रतिकारशक्ती वाढते’ या समजुतीचे मूळ अशा प्रयोगांत आहे. पुढे मात्र चित्र गुंतागुंतीचे निघाले : प्रतिकारसंस्था मंदावलेली असताना मेलाटोनिन तिला चेतवते, तर दाह (प्रतिकारसंस्थेच्या प्रतिक्रियेने येणारी सूज) अनावर झालेला असताना अनेकदा तोच आवरते. म्हणजे ते एकाच दिशेने ढकलणारे टॉनिक नव्हे, आणि म्हणूनच जाहिरातीतील ‘इम्युनिटी बूस्टर’ हा शब्द मला खटकतो.

रुमॅटॉइड संधिवातात प्रतिकारसंस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असते. सकाळी उठल्यावर आईंना मूठ वळवता येत नसेल, बोटे मोकळी व्हायला तासभर लागत असेल, तर त्यामागे रात्रीच्या उत्तरार्धात दाह वाढवणाऱ्या आयएल-६ सारख्या द्रव्यांचे वाढणारे प्रमाण आहे, आणि या वाढीत मेलाटोनिनचाही हात असावा असे अनेक संशोधकांना वाटते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अशा रुग्णांना नेहमीच्या औषधांच्या जोडीला सहा महिने रोज रात्री १० मिलिग्रॅम मेलाटोनिन दिले गेले. लक्षणांत फरक पडला नाही, उलट ईएसआरसारखी दाह दर्शवणारी काही मोजमापे वाढली. मल्टिपल स्क्लेरोसिस या, प्रतिकारसंस्था मेंदू आणि मज्जारज्जूवर उलटणाऱ्या, दुसऱ्या स्वप्रतिकार आजारात २०१५ च्या एका अभ्यासात मेलाटोनिनचे प्रमाण जास्त असताना आजार कमी उसळलेला दिसला. एका आजारातला निष्कर्ष दुसऱ्याला लावता येत नाही, तो असा.

आता तुमच्याविषयी. तुमच्या सर्दीचे खापर मी मेलाटोनिनपेक्षा अपुऱ्या झोपेवर फोडीन. २००२ मधील एका प्रयोगात रोज रात्री चारच तास झोपू दिलेल्या तरुणांना फ्लूची लस दिली, तेव्हा दहा दिवसांनंतर त्यांची प्रतिपिंडे पुरेशी झोप घेणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. रातपाळी संपवून सकाळी घरी येताना गडद चष्मा वापरा, झोपायच्या खोलीला जाड पडदे लावा, आणि घरच्यांना सांगून ते तास बिनबोभाट राखा. दिवसा झोप लागावी म्हणून काही वेळा डॉक्टर मेलाटोनिन देतात, पण त्यात वेळ नेमकी साधावी लागते. चुकीच्या वेळी घेतल्यास शरीराचे घड्याळ आणखी बिघडते, आणि गोळी घेऊन यंत्रावर किंवा दुचाकीवर बसणे धोक्याचे. शिवाय लेबलवरील आकड्यावर फार विसंबू नये : कॅनडातील गोळ्या २०१७ मध्ये तपासल्या, तेव्हा काहींत लिहिलेल्याच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी, तर काहींत चौपटीहून अधिक मेलाटोनिन सापडले.

प्रश्न : गंगावेशीतील दूधकट्ट्यावर रात्री धारोष्ण दूध प्यायल्यास नैसर्गिक मेलाटोनिन मिळते, हे खरे आहे का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : रात्री काढलेल्या दुधात दिवसाच्या दुधापेक्षा मेलाटोनिन जास्त असते, हे खरे, पण पेलाभर दुधात ते ग्रॅमच्या काही अब्जांश भागांएवढेच मिळते, तर एका गोळीत काही मिलिग्रॅम असते. त्या दुधाने झोप लागत असेल, तर श्रेय पोट भरल्याचे आणि सवयीचे. मात्र कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होऊ शकतात, तेव्हा गरोदर स्त्रियांनी, लहान मुलांनी आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी ते तापवूनच प्यावे.